इंटरकॉम बदलायचा? आधी तार मोजा, मग स्क्रीन निवडा

स्कीमच्या, म्हणजे आपल्या अपार्टमेंटच्या, मीटिंगमध्ये व्हिडिओ इंटरकॉमचा विषय निघाला की पहिली चर्चा स्क्रीनवर होते. सात इंची घ्यायची की दहा इंची, काळी की पांढरी, मोबाइलवर दिसेल की नाही. दाराजवळच्या जुन्या, पिवळ्या पडलेल्या हँडसेटच्या मागून किती तारा निघतात हे पाहायला मात्र कोणी उठत नाही. आणि खर्च असो की डोकेदुखी, दोन्ही त्या तारांवरच ठरतात. स्क्रीन ही सगळ्यात शेवटी निवडायची वस्तू आहे.

म्हणून पहिलं काम म्हणजे हँडसेट भिंतीवरून उतरवणं. तारा काढण्याआधी रंगांसकट मोबाइलवर फोटो घ्या. मग मोजा.

दोनच तारा असतील आणि हँडसेट साध्या टेलिफोनसारखा असेल, तर तुमच्याकडे ईपीएबीएक्स, म्हणजे इमारतीचं स्वतःचं छोटं टेलिफोन एक्स्चेंज, आहे. चौकीदाराच्या खोलीत किंवा मीटरच्या खोलीत त्याचा डबा असतो आणि तिथल्या क्रोन पट्टीवरून (तारांच्या जोड्या बसवायची जोडपट्टी) प्रत्येक गाळ्याला एक जोडी जाते. फोन ठेवलेला असताना या जोडीवर २४ ते ४८ व्होल्ट डीसी मिळतो. घंटी वाजताना मात्र त्याच जोडीवर ७५ व्होल्टच्या आसपास एसी येतो. बोटाला चांगलाच झटका बसतो, आणि १२ व्होल्टचा मॉनिटर हौसेने या जोडीला लावला तर पहिल्याच घंटीला त्याचा निकाल लागतो.

चार-पाच तारा असतील तर तो ऑडिओ डोअर फोन. यात बोलण्याची, ऐकण्याची, कुलपाची आणि कॉमन अशा चार तारा सगळ्या गाळ्यांना मिळून असतात आणि घंटीची एक तार प्रत्येकाची वेगळी. चार तारा सामायिक असल्याने एका गाळ्यात शॉर्ट झाला की अख्ख्या स्कीमचा आवाज जातो. त्यामुळे या प्रकारात एकट्याने काही बदलायला जाऊ नका. सगळे मिळून बदलणार असाल तरच हात घाला.

तिसरा प्रकार फक्त तुमच्या गाळ्याच्या दाराचा, स्वतंत्र व्हिडिओ डोअर फोन. बाहेरच्या कॅमेऱ्यापासून आतल्या मॉनिटरपर्यंत चार तारा असतात, १२ व्होल्ट, कॉमन, आवाज आणि चित्र. याला कोणाची परवानगी लागत नाही, त्याच चार तारांवर चालणारा नवीन सेट एका दुपारी बसतो. बाकी दोन्ही प्रकारांत तारा सामायिक जागेतून जातात, त्यामुळे आधी ठराव हवा. नागपुरात पुष्कळ स्कीम सहकारी संस्था नसून महाराष्ट्र अपार्टमेंट ओनरशिप ॲक्ट, १९७० खालच्या कंडोमिनियम असतात. तिथेही जिना, डक्ट आणि गेट सगळ्यांचंच असतं.

जुनी तार ठेवायची की काढून टाकायची

हा प्रश्न अंदाजाने सोडवू नये, मल्टिमीटरने सोडवावा. खालच्या टोकाला जोडी उपकरणापासून सोडवा आणि दोन्ही तारा एकमेकींना पिळा. वर गाळ्यात मीटर ओहमवर ठेवून मोजा. टेलिफोनची तार साधारण अर्धा मिलिमीटर व्यासाची असते. शुद्ध तांब्याच्या अशा तारेचा रोध किलोमीटरला सुमारे ८८ ओहम, म्हणजे ४० मीटरच्या जाण्या-येण्याच्या फेऱ्याला ७ ओहम. मीटरवर ७ ते ९ आले तर तार ठणठणीत. २५-३० आले तर मध्ये कुठेतरी पीळ मारून, टेप गुंडाळून केलेला जोड आहे आणि तो हिरवा पडला आहे. आकडा स्थिर न राहता नाचत असेल तर जोड ढिला आहे. डक्टमधले जंक्शन बॉक्स एकेक करून उघडले की तो सापडतो. तिथे पुन्हा टेप लावू नका, जेली भरलेले छोटे यूवाय कनेक्टर मिळतात, ते दाबून बसवा.

आता पिळलेलं टोक सोडवून पुन्हा मोजा. मीटरने काहीच दाखवायला नको. काही मेगाओहमसुद्धा दिसले तर इन्सुलेशनमध्ये ओल शिरली आहे. पावसाळ्यात आवाजात येणारी खरखर बहुतेक वेळा हीच.

तार चांगली निघाली तरी तिच्यातून १२ व्होल्टची वीज पाठवायचा मोह टाळा. मॉनिटर चालू झाल्यावर अर्धा अँपिअर ओढतो. ७ ओहममधून अर्धा अँपिअर म्हणजे साडेतीन व्होल्ट वाटेतच संपले, वर पोचले साडेआठ. मॉनिटर उभा राहतो, कॉल आला की स्क्रीन उजळते, व्होल्टेज पडतं आणि तो पुन्हा सुरू होतो. दुकानदार म्हणतो मॉनिटर खराब, बदलून देतो. बदललेलाही तसंच करतो. याच अंतरात एक चौरस मिलिमीटरची तार टाकली तर घट पाऊण व्होल्टच्या आत राहते.

याच कारणाने टू-वायर व्हिडिओ इंटरकॉममध्ये मुद्दाम २४ व्होल्ट किंवा त्याहून जास्त दाब वापरतात आणि त्याच दोन तारांवरून वीज, आवाज, चित्र असं सगळं नेतात. जुनी जोडी मोजणीत पास झाली, भिंती फोडायच्या नाहीत आणि कन्सील पाइप गच्च भरलेले आहेत, तर हा मार्ग उत्तम. दोन गोष्टींचं भान ठेवा. एका कंपनीचं पॅनेल, म्हणजे गेटवरचं बटणं आणि कॅमेरा असलेलं युनिट, दुसऱ्या कंपनीच्या मॉनिटरशी बोलत नाही, म्हणजे पुढची दहा वर्षं तुम्ही त्या कंपनीशी बांधलेले. आणि साखळीतल्या शेवटच्या मॉनिटरवर टर्मिनेशनचा (तार इथे संपते हे सांगणारा) छोटा डिप स्विच असतो, तो चालू करायचा राहिला की वरच्या मजल्यावर चित्राच्या कडेला भुतासारखी सावली दिसते किंवा चित्र तुटतं. तक्रार फक्त शेवटच्या मजल्यावरून येत असेल तर आधी हा स्विच बघा.

नवीन तार टाकायची असेल तर कॅट-६

डक्ट मोकळी असेल तर कॅट-६ ही कॉम्प्युटर नेटवर्कची केबल टाका. माझं मत सरळ आयपी (नेटवर्कवर चालणारा इंटरकॉम) आणि पीओई (नेटवर्कच्या केबलमधूनच वीज) यांच्या बाजूने आहे. एकाच केबलमधून डेटा आणि वीज, वर गाळ्यात अडॅप्टर नको, आणि उद्या कंपनी बदलली तरी केबल तीच.

हिशेब करून पाहू. तळाला पार्किंग, वर चार मजले, मजल्यावर चार गाळे, एकूण सोळा. सगळ्या केबल जिथे येऊन मिळतात तो नेटवर्क स्विच खाली चौकीदाराच्या खोलीत. एका मजल्याची उंची ३ मीटर, आडवी धाव सरासरी १० मीटर आणि दोन्ही टोकांना मिळून ३ मीटर जादा धरली तर पहिल्या मजल्याच्या गाळ्याला १६ मीटर, मग १९, २२ आणि २५. प्रत्येकी चार गाळे, एकूण ३२८ मीटर. केबलचा बॉक्स ३०५ मीटरचा येतो. म्हणजे अवघ्या २३ मीटरसाठी दुसरा बॉक्स. घ्यायचाच, कारण गेटचं पॅनेल आणि लिफ्टचा कॅमेरा यांना लागतोच. दोन बॉक्सच्या मध्ये केबल जोडून काम चालवायचं नाही.

बर्डीवर, म्हणजे नागपूरच्या सीताबर्डी बाजारात, केबल घेताना शुद्ध तांब्याचीच घ्या. स्वस्त बॉक्समध्ये ॲल्युमिनियमच्या तारेवर तांब्याचा मुलामा असतो. ब्लेडने खरवडलं की आतून पांढरी दिसते, चार वेळा वाकवली की तुटते, आणि बॉक्स हातात घेतला की हलका लागतो. कॅमेऱ्याला ती काही दिवस चालून जाते. पीओईला मात्र तिचा जास्तीचा रोध नडतो, आणि कनेक्टरमध्ये ती वर्षभरात ढिली होते.

स्विच २४ पोर्टचा लागेल, कारण १६ गाळे, गेटचं पॅनेल, चौकीदाराचा मॉनिटर आणि इंटरनेटची तार मिळून १९ होतात. पण पोर्टपेक्षा महत्त्वाचा आकडा असतो एकूण वॅटचा. मॉनिटर ७ वॅट धरला तर १६ चे ११२, पॅनेलचे १२, चौकीदाराचे ७, झाले १३१. पेटीवर पीओई बजेट १२० वॅट लिहिलं असेल तर रोज चालेल, कारण सगळ्या स्क्रीन एकाच वेळी उजळत नाहीत. गोंधळ होतो तो लाईन जाऊन परत आल्यावर. सगळे मॉनिटर एकदम उठतात, बजेट संपतं आणि शेवटच्या पोर्टवरचे दोन-तीन अंधारातच राहतात. २५० वॅटचा स्विच घेतला की विषय संपतो. उपकरणाच्या माहितीपत्रकात ‘८०२.३एएफ’ हे मानक लिहिलेलं आहे का तेही बघा. नुसतं पीओई लिहिलेली काही उपकरणं स्वतःच्याच २४ व्होल्टवर चालतात आणि मानक स्विचवर उठतच नाहीत.

केबल २३० व्होल्टच्या पाइपमधून ओढू नका, इलेक्ट्रिशियन कितीही म्हणाला की जागा आहे. सुरक्षेचा प्रश्न आहेच, वर जुन्या ऑडिओ तारांत पंख्यासारखी घूं येते ती यामुळेच.

मधला मार्ग

सोळापैकी सहा घरांना नवीन काही नको असतं. घरात आजी-आजोबा असतात, त्यांना टचस्क्रीन नको, फोन उचलून बोलायचं असतं. त्यांचं बरोबर आहे. अशा स्कीममध्ये एसआयपी बोलणारं, म्हणजे इंटरनेट फोनच्या पद्धतीने कॉल करणारं, पॅनेल घ्यायचं. जुन्या ईपीएबीएक्सला एसआयपी पोर्ट असेल तर थेट, नसेल तर एफएक्सएस गेटवे (साधे फोन एसआयपीला जोडणारा डबा) लावून जुन्या जोड्या त्यावर घ्यायच्या. ज्यांना व्हिडिओ हवा ते मॉनिटर लावतील, बाकीच्यांचा साधा फोन वाजेल आणि बोलून झाल्यावर ठरलेला अंक दाबला की दार उघडेल.

इथे हमखास अडतं ते असं की आवाज येतो-जातो, पण अंक दाबून दार उघडत नाही. फोनचा अंक म्हणजे डीटीएमएफचा सूर, आणि तो पाठवण्याच्या पद्धती तीन आहेत, आवाजातच मिसळून, आरएफसी २८३३ प्रमाणे वेगळा, किंवा एसआयपी इन्फोमधून. गेटवे एका पद्धतीवर आणि पॅनेल दुसऱ्यावर असलं की पॅनेलला तो अंक कळतच नाही. दोन्हीकडे आरएफसी २८३३ करा आणि कोडेक (आवाज डेटात बदलायची पद्धत) जी.७११ ठेवा. इतकं सोपं असूनही यासाठी पॅनेल बदलले जातात.

गेट, ऊन आणि कुलूप

नागपूरचं ऊन हा पॅनेलचा खरा शत्रू. मे महिन्यात पारा ४५ च्या वर असतो तो सावलीतला. पश्चिमेकडे तोंड करून उघड्यावर लावलेली धातूची पट्टी दुपारी चारला हात लावू देत नाही, आणि बऱ्याच पॅनेलची सहनशक्ती ५५ ते ६० अंशांवर संपते. पॅनेल आत वळवा किंवा वर आणि बाजूंनी छपरी करा. पश्चिमेला तोंड असण्याचा दुसरा तोटा म्हणजे कॅमेऱ्याच्या समोर सूर्य, त्यामुळे पाहुण्याचा चेहरा काळा दिसतो. डब्ल्यूडीआर (उजेड आणि सावली दोन्ही नीट दाखवणारी सोय) असलेला कॅमेरा हे बरंच सांभाळतो, सगळं नाही. छपरी कॅमेऱ्याच्या फार पुढे आणली तर रात्री इन्फ्रारेडचा उजेड तिच्यावर आपटून चित्र पांढरं होतं, म्हणून काच आणि छपरीची कड यांत तिरका मोकळा कोन ठेवा. कॅमेरा जमिनीपासून दीड मीटरच्या आसपास.

सिलिकॉन वरच्या आणि दोन्ही बाजूंच्या कडेला भरायचं, खाली नाही. आत गेलेलं पाणी बाहेर पडायला वाट हवी. केबल पेटीत शिरण्याआधी खाली एक झोळ द्या म्हणजे थेंब झोळावरून गळतात. भोक राहिलं तर मुंग्या घर करतात.

कंपाउंडचं गेट इमारतीपासून दूर असेल तर मधली केबल जमिनीतून जाते आणि मृगाच्या आधीच्या वळवाच्या विजा तिच्यावर उतरतात. दोन्ही टोकांना सर्ज प्रोटेक्टर आणि खरं अर्थिंग हवं. याहून खात्रीचा उपाय म्हणजे त्या अंतरात फायबर टाकून दोन्हीकडे मीडिया कन्व्हर्टर (फायबर आणि साधी केबल जोडणारा डबा) लावणं. काचेतून वीज जात नाही. गेटवर पॅनेलसाठी वेगळी वीज मात्र द्यावी लागेल.

कुलपाचे दोन पक्ष आहेत. चुंबकी लॉक वीज गेली की उघडतं. इलेक्ट्रिक रिम लॉक वीज गेली की बंदच राहतं. जिन्याकडच्या दाराला नुसतं दुसरं लावणं मला पटत नाही. आग लागली तर आतल्या माणसाला किल्लीशिवाय बाहेर पडता आलं पाहिजे, नॅशनल बिल्डिंग कोडही हेच सांगतो. रिम लॉकला आतून हाताने फिरणारी मूठ असेल तर चालेल. चॅनल गेटवर चुंबकी लॉक लावायचा प्रयत्न करू नका, त्याच्या पट्ट्या दर वेळी वेगळ्या ठिकाणी येऊन थांबतात आणि चुंबकाला सपाट, पूर्ण टेकणारी पट्टी लागते. त्याच कारणाने ही पट्टी दाराला आवळून बसवायची नसते. मधला बोल्ट आणि रबरी वॉशर तिला किंचित हलू देतात. इन्स्टॉलर ती घट्ट पिळतो, पट्टी तिरकी राहते आणि २८० किलोचं लॉक खांद्याच्या एका धक्क्याने सुटतं.

लॉकला पॅनेलच्या सप्लायवर ठेवू नका. हे २८० किलोचं, म्हणजे ६०० पाउंडाचं, लॉक अर्ध्या अँपिअरच्या आसपास सतत ओढतं, शिवाय बंद होताना त्याच्या कॉइलमधून उलट झटका येतो आणि पॅनेलची रिले (लॉकची वीज चालू-बंद करणारा आतला स्विच) चिकटते. वेगळा १२ व्होल्टचा सप्लाय घ्या आणि लॉकच्या दोन तारांवर १एन४००७ डायोड उलटा लावा, डायोडवरच्या पट्टीची बाजू प्लसकडे. दोन रुपयांच्या आसपासचा डायोड रिले वाचवतो.

आता सगळ्यात दुर्लक्षित गोष्ट. लॉकच्या तारा पॅनेलच्या आतल्या रिलेला जोडल्या तर त्या तारा भिंतीच्या बाहेरच्या बाजूला आल्या. चार स्क्रू काढून पॅनेल ओढलं आणि तारा हाताळल्या की दार उघडं. आयपी पॅनेलसोबत आरएस-४८५ या डेटाच्या तारेवर चालणारं वेगळं रिले मॉड्यूल मिळतं, ते आतल्या बाजूला, बंद पेटीत बसवा. मग बाहेर फक्त डेटाची तार राहते. कोटेशनमध्ये ही ओळ नसेल तर लिहून घ्या.

आणि दाराला हायड्रॉलिक क्लोजर हवाच, नाहीतर हजारोंचं कुलूप उघड्या दारावर लटकत राहतं. उन्हाळ्यात त्यातलं तेल पातळ होऊन दार आपटायला लागतं, बाजूचा स्क्रू थोडा आवळला की झालं. हिवाळ्यात तो परत ढिला करावा लागतो.

बॅकअपसाठी लॉकला १२ व्होल्ट ७ एएचची बॅटरी साधारण दहा-बारा तास धरते, नवी असताना. पण शिसे-आम्ल बॅटरीचं आयुष्य २५ अंशांच्या वर दर १० अंशांना जवळपास निम्मं होतं, म्हणून टिनाच्या पेटीत उन्हात ठेवू नका. स्विच इन्व्हर्टरवर घेत असाल तर इन्व्हर्टरच्या मागचं बटण यूपीएस मोडवर ठेवा. दुसऱ्या मोडमध्ये बदल व्हायला जास्त वेळ लागतो आणि प्रत्येक वेळी लाईन गेली की स्विच पुन्हा सुरू होतो.

घरात मॉनिटर कुठे, हाही प्रश्न आहेच. कूलरच्या झोतासमोरची भिंत नको, चार महिने दमट हवा थेट बोर्डवर जाते.

सेटिंग आणि ॲप

पेटीतून काढलेल्या सगळ्या मॉनिटरचा आयपी पत्ता बहुधा एकच असतो. सोळा एकदम जोडले की कोणीच सापडत नाही. टेबलावर एकेक जोडा, फर्मवेअर अद्ययावत करा, पासवर्ड बदला, पत्ता आणि गाळा क्रमांक द्या, मागे चिठ्ठी चिकटवा आणि मगच वर न्या. पत्ता गाळ्याशी जुळेल असा ठेवला, म्हणजे ३०२ ला १९२.१६८.५०.३२, तर पुढे कोणालाही कळतं. घड्याळाचं क्षेत्र +५:३० करायला विसरू नका, नाहीतर दुपारी आलेला पाहुणा नोंदीत सकाळी आलेला दिसतो. इंटरकॉमचं जाळं घरांच्या वाय-फायपासून वेगळं ठेवा आणि बाहेरून पाहता यावं म्हणून राउटरचे पोर्ट उघडू नका.

ॲप वाजत नाही ही तक्रार आठवड्याभरात येते. बहुतेक वेळा दोष फोनचा असतो. अनेक अँड्रॉइड फोन बॅटरी वाचवण्यासाठी मागे चालणारी ॲप मारून टाकतात. सेटिंगमध्ये त्या ॲपला ऑटोस्टार्टची परवानगी द्या आणि बॅटरीची बंधनं काढा. तरीही मोबाइल डेटावर कॉल काही सेकंद उशिरा येणारच. दारावरचा डिलिव्हरीवाला तेवढ्यात दुसऱ्यांदा बटण दाबतो. म्हणून भिंतीवरचा मॉनिटर मुख्य आणि ॲप जोडीला.

ॲडमिन खातं कोणाच्या नावावर आहे ते पहिल्याच दिवशी विचारा. इन्स्टॉलर घाईत स्वतःच्या मोबाइल नंबरवर उघडतो. दोन वर्षांनी त्याने धंदा बदलला की नवीन गाळाधारक जोडता येत नाही, जुना भाडेकरू काढता येत नाही, आणि तोवर त्या भाडेकरूच्या फोनवरून दार उघडतच असतं. स्कीमचा वेगळा ईमेल काढा, खातं त्यावर घ्या, पासवर्ड अध्यक्ष आणि सचिव दोघांकडे लिहून ठेवा. शेवटचं बिल देण्याआधी सगळ्या सेटिंगची बॅकअप फाइल पेन ड्राइव्हवर मागून घ्या.

जुना ईपीएबीएक्स काढायची घाई करू नका. क्रोन पट्टीवर गाळ्यांच्या सोळा जोड्या असतील तर साधारण अठरा दिसतील. एक चौकीदाराची. अठरावी कुठे जाते हे कोणालाच आठवत नसतं. लिफ्टमध्ये जा, आतला फोन उचला आणि खाली वाजतो का पाहा. वाजला तर गेटवे १६ नव्हे, २४ पोर्टचा मागवा आणि लिफ्टची जोडी त्यावर सगळ्यात आधी घ्या. ती चालू झाल्यावरच जुना डबा बंद करा.